मी आहे आता, तू पड

“मावशी, सोडा तो दोर. दोर आहे, पेशंट नाही. इतकं बांधून ठेवायची गरज नाही त्याला.”

कप्तानने हे ओरडून सांगितलं, कारण वारा होता. बोट एका कुशीवर कलली होती, पाणी डेकच्या कडेवरून आत येऊन परत जात होतं, मी दोन्ही गुडघ्यांत बादली धरून बसले होते, आणि माझी एकसष्ट वर्षांची आई विंचला, म्हणजे दोर आवळायच्या चाकाला, दोराचे चार वेढे घालून वर आणखी एक गाठ मारायच्या बेतात होती.

“आणि सुटला तर?” आई म्हणाली.

“सुटायलाच हवा. मी हाक मारली की एका झटक्यात.”

“पण तुमच्या हाकेच्या आधीच सुटला तर?”

“तर मी तुम्हाला समुद्रात टाकेन.”

“मग बांधलेलाच बरा,” आई म्हणाली.

डेकवरचे सगळे हसले. कप्तानही हसली, पण तिने आईच्या हातातून दोर काढून घेतला आणि ती गाठ सोडवली. सोडवायला तिला नखं लावावी लागली.

ही प्रशिक्षणाची पहिली दुपार. पाच वर्षं झाली त्याला.

आईने तेहतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम केलं. त्यातली शेवटची सतरा वर्षं ती गठ्ठ्यांच्या टेबलावर होती. ऑपरेशनला लागणाऱ्या चादरी, झगे, फडकी ठरलेल्या क्रमाने घडी घालून जाड कापडात बांधायची, वरून नाडी आवळायची आणि गठ्ठा वाफेच्या भट्टीकडे पाठवायचा. ती निवृत्त झाली तेव्हा तिला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते तिला कळेना. आठवड्याभरात घरातली सगळी कपाटं लावून झाली. बाबांच्या रुमालांना तिने अशी काही इस्त्री केली की बाबा म्हणाले, “अगं, नाक पुसायचंय मला याने, दाढी नाही करायची.”

मग एक दिवस चष्म्याच्या दुकानातून ती एक पत्रक घेऊन आली. शिडाच्या बोटींची शर्यत, महासागर ओलांडून जाणारी. बोटीवर कप्तान तेवढा पेशाने खलाशी, बाकी सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं, प्रशिक्षण घेऊन जाणारी. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अनुभवाची गरज नाही.’

“जन्मात पहिल्यांदा कोणीतरी असं छापलंय,” आई म्हणाली. “लॉन्ड्रीत चादरी उचलायच्या कामाला मला दोन वर्षांचा अनुभव मागितला होता.”

तिने पत्रक फ्रिजवर चिकटवलं. बाबा आठ दिवस त्याच्याकडे न बघता फ्रिज उघडत राहिले. नवव्या दिवशी म्हणाले, “पोहता येतं का तुला?” तिला येत नव्हतं. ती सात-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात जाऊन पोहायला शिकली आणि वर्गात दुसरी आली. पहिली आलेली मुलगी, आईच्या मते, लबाडी करत होती.

तेव्हा बाबांनी मला फोन केला. “हिच्याबरोबर डोकं ठिकाणावर असलेलं एक माणूस पाहिजे. मी गेलो असतो, पण मला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं.” मी ग्रंथालयात काम करते. समुद्रावरची पुस्तकं भरपूर वाचली होती. त्यात लोकांना वादळं लागतात, बंडं होतात, देवमासे दिसतात. बादली धरून बसलेलं कोणी मला कधी भेटलं नव्हतं. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि आईबरोबर नाव नोंदवलं, फक्त प्रशिक्षणापुरतं. आईला मात्र पुढे शर्यतीला जायचं होतं, आणि तेही सगळ्यांत लांबच्या टप्प्यावर. सव्वीस दिवस, मध्ये जमीन नाही.

ती जाणार की नाही हे कप्तान ठरवणार होती. पहिला आठवडा बंदराच्या आसपास शिकण्याचा. दुसऱ्या आठवड्यात सलग सहा दिवस खुल्या समुद्रात, पाचव्या दिवशी दुसऱ्या एका बोटीबरोबर सरावाची शर्यत, आणि बंदरात परतल्यावर निकाल. कप्तान माझ्याहून चार वर्षांनी लहान होती. बुटकी, उन्हाने भाजलेली, दोन वेळा पृथ्वीला फेरी मारून आलेली. पहिल्या दिवशी आई तिला म्हणाली, “पोरी, तू जेवलीस का?” आणि कप्तान म्हणाली, “मावशी, जमिनीवर पोरी म्हणा, मला आवडेल. इथे कप्तान.” आईने मान डोलावली. तेव्हापासून ती तिला न चुकता ‘कप्तान, तुम्ही’ म्हणत आली. पण डबा उघडला की पहिला घास तिच्यापुढे धरायची ते धरायचीच.

आम्ही बाराजण होतो. त्यातले दोघे या गोष्टीत येतात. एक बेकरीवाला, सहा फूट उंच, सतत खूश, पहाटे उठायची सवय असल्यामुळे समुद्रावर सगळ्यांत ताजातवाना. दुसरे दाताचे डॉक्टर. ते कोणाचंही बोलणं ऐकताना त्याच्या तोंडात बघत, आणि स्वतः बोलताना प्रत्येक वाक्य ‘शास्त्रशुद्ध पाहिलं तर’ इथून सुरू करत. मला सगळे ‘बादली’ म्हणत. “बादली, कॉफी घेणार?” “बादली, जरा सरक.” दोनच दिवसांत मी त्या हाकेला ओ द्यायला लागले.

बोटीवर बारा माणसं आणि बिछाने सहा. सहाजण डेकवर कामाला असतात तेव्हा उरलेले सहा खाली झोपतात. दिवसा सहा-सहा तास, रात्री चार-चार. पाळी बदलली की वरचे खाली येतात आणि खालचे उठून गेलेल्या बिछान्यांत शिरतात. म्हणजे प्रत्येक बिछाना दोघांचा, आणि तो कधी गार होत नाही. ओल्या कपड्यांनी, कुडकुडत खाली यावं आणि दुसऱ्याच्या अंगाची ऊब आयती मिळावी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला किळस आली होती. खुल्या समुद्रातल्या पहिल्याच रात्री त्याहून मोठं सुख जगात नाही असं वाटायला लागलं.

पाळी बदलताना एक वाक्य म्हणायची रीत होती. वर येणाऱ्याने आपला सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवायचा, जाणाऱ्याच्या हातातला दोर आपल्या हातात घ्यायचा आणि म्हणायचं, “मी आहे आता, तू पड.” एवढं म्हटल्याशिवाय जाणाऱ्याने दोर सोडायचा नाही. आणि म्हटल्यावर वर रेंगाळायचं नाही. कप्तानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “माझ्या बोटीवर मोठा गुन्हा एकच. पाळी नसताना जागं राहणं. झोप न झालेल्या माणसाची दोन बोटं विंचमध्ये गेलेली मी पाहिलीत. फार चांगला माणूस होता. सगळ्यांची कामं करायचा.”

मी आणि आई उलट पाळ्यांत होतो, आणि आमचा बिछाना एक होता.

आई बोटीवर अशी काही रमली की मला थोडा हेवा वाटला. तिला मळमळ हा शब्द लागूच पडत नव्हता. लॉन्ड्रीतल्या गरम वाफेत तेहतीस वर्षं उभं राहिलेल्या बाईला समुद्राचं काय. ओले दोर ती चादरीच्या पिळासारखे झटकून लावायची. स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा बेकरीवाल्याबरोबर तिने कललेल्या चुलीवर बारा माणसांचा पाव भाजला आणि पीठ अंगावर सांडलं म्हणून त्याला असं झापलं की तो सहा फुटांचा माणूस “चुकलो मावशी” म्हणत उभा राहिला. आणि ती हसायची. माझी आई घरी हसत नव्हती असं नाही, पण घरी ती दुसऱ्याच्या बोलण्यावर हसायची. इथे लाट तोंडावर आली तरी ती आपली आपण हसत होती.

तिचं चुकलं ते लोकरीत.

बोटीला एक प्रचंड फुगीर शीड असतं, वारा पाठीमागून असला की पुढच्या बाजूला चढवायचं. आम्ही त्याला फुगा म्हणायचो. तीन घरांवर पांघरता येईल एवढं ते कापड. ते तसंच मोकळं वर चढवलं तर अर्ध्यातच वारा भरतो आणि माणसांना घेऊन जातो. म्हणून ते आधी लांब गुंडाळी करून जागोजागी लोकरीच्या धाग्याने बांधतात, आणि गुंडाळी तशीच वरपर्यंत चढवतात. मग खालून दोर ओढला की एकेक धागा तुटत जातो आणि शीड फुलतं. लोकर मुद्दाम कच्ची घेतात, राखाडी, बोटाने तुटेल अशी.

हे कप्तानने समजावून सांगितलं त्या वेळी आई खाली पाव भाजत होती, आणि मी बादलीत बघत होते. फुगा बांधला डॉक्टरांनी.

खुल्या समुद्रातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाळी संपवून खाली आले, ओलं जाकीट खुंटीला अडकवलं आणि बिछान्यात शिरले. बिछाना थंड होता.

मला वाटलं, आई लवकर उठली असेल. तिसऱ्या दिवशीही थंड. उशीसुद्धा ताणलेली, कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडलेले. मी तिला वर गाठून विचारलं.

“झोपले होते की,” ती म्हणाली. “माझं अंगच गार असतं. बाबांना विचार.”

चौथ्या दिवशी, माझी पाळी चालू असताना, कप्तानने मला बोटीच्या नाकाकडच्या कोठारातून एक दोर आणायला पाठवलं. कोठार म्हणजे शिडं ठेवायची अंधारी जागा, उभंही राहता येत नाही अशी. आई तिथे फुग्याच्या ढिगावर मांडी घालून बसली होती. मांडीवर लाल लोकरीचा गुंडा. ती लोकर तिने बाबांच्या मोज्यांसाठी आणली होती; दुकानात तिने धागा दोन्ही हातांनी ताणून बघितलेला मी पाहिला होता. एक मोजा विणून झाला होता, तो तिने कानटोपीसारखा डोक्याला गुंडाळला होता.

“आई, तू झोपायला हवंस.”

“हळू बोल. हे बघ.” तिने राखाडी धाग्याचा एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याने टिचकन तोडला. “ही लोकर? याने बांधलंय डॉक्टरांनी. दाढा उपटायचं काम आहे त्यांचं, बांधायचं काय कळणार. एका धक्क्यात सुटेल सगळं. मी काढून आपली घातली. हत्ती बांधला तरी तुटायची नाही.”

“कप्तानला विचारलंस?”

“एवढंसं काय विचारायचं? उद्या शर्यत आहे. डॉक्टरांनाही वाईट नको वाटायला.”

तिने पुढचा वेढा घेतला. डबल वेढा, वर गठ्ठ्याची गाठ, टोकं आत खोचलेली. ती गाठ मी लहानपणापासून ओळखत होते. माझ्या डब्याच्या फडक्याला ती असायची, आणि शाळेत सगळ्यांचं जेवण होत आलं तरी मी फडकंच सोडवत बसलेली असायचे.

“नवीन होते तेव्हाची गोष्ट,” आई हात न थांबवता म्हणाली. “माझा एक गठ्ठा लिफ्टमध्येच सुटला. चादरी जमिनीवर. पेशंट टेबलावर, पोट उघडलेलं. दुसरा गठ्ठा जाईस्तोवर अकरा मिनिटं गेली. त्या माणसाला काही झालं नाही म्हणा. पण मी ती अकरा मिनिटं लिफ्टबाहेर उभी होते. त्यानंतर माझा गठ्ठा सुटला नाही. नर्सेस कात्री घेऊनच यायच्या माझ्या गठ्ठ्याला.”

मी दोर घेऊन वर गेले. कप्तानने विचारलं, “एवढा वेळ?” मी म्हणाले, “अंधार होता.”

ते दोन बोटांचं मला आठवत होतं. आईच्या डोळ्यांखाली काळं आलेलं दिसत होतं. पण सांगितलं असतं तर कप्तानने तिला नापास केलं असतं, आणि सव्वीस दिवस, मध्ये जमीन नाही, हे आईने फ्रिजवर रोज वाचलेलं मला माहीत होतं. मी गप्प राहिले. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं तर.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ऊन होतं आणि वारा नेमका पाठीमागून. दुसरी बोट निळी होती, आमच्यापासून दगडाच्या टप्प्यावर. दोन्ही पाळ्या डेकवर होत्या. कप्तान सुकाणूवर. तिने हाक दिली, सहाजणांनी ओढलं, आणि फुगा सरसर वर गेला, डोलकाठीच्या टोकापर्यंत, लांबलचक गुंडाळी.

“फोडा!” कप्तान ओरडली.

बेकरीवाल्याने खालचा दोर ओढला. काही झालं नाही. दोघांनी ओढला. चौघांनी ओढला. वर पडवळ लोंबावं तसा फुगा लोंबत होता, आणि त्याच्यावर हातहात अंतरावर लाल पट्टे. निळ्या बोटीचा फुगा टकटकटक करत फुलला, आणि ती आमच्या शेजारून अशी गेली की तिच्यावरच्या लोकांचे दात दिसले. डॉक्टरांना तर नक्कीच दिसले असणार. निळ्या बोटीवरून कोणीतरी ओरडलं, “भेट पाठवताय का कोणाला? छान बांधलंय!”

“मी राखाडीने बांधलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “शास्त्रशुद्ध पाहिलं तर मी एकच वेढा...”

“लाल कोणी बांधलं?” कप्तानने विचारलं.

आईने हात वर केला. शाळेत करतात तसा.

“मी. ती लोकर कच्ची होती, कप्तान.”

“केव्हा बांधलंत?”

आईने डोक्यावरचा मोजा खाली ओढला. खोटं तिला एकदाच सांगता यायचं, दुसऱ्यांदा नाही. कप्तान सुकाणू धरून समोर बघत होती. समोर बघतच तिने मला विचारलं, “बादली, तुमचा बिछाना एक आहे ना? कसा असायचा?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई पण. तिच्या डोक्यावरून लाल मोजा तिरका झाला होता.

“थंड,” मी म्हणाले. “तीन दिवस.”

आईने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने एकदा हलकेच मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थी. लहानपणी गणिताचं उत्तर पडताळून पाहताना हलवायची तशी.

“मावशी,” कप्तान म्हणाली, “खाली जा. झोपा.”

“आत्ता? शर्यत चाललीय.”

“शर्यत आपण हरलो. झोपा. तुमचा निकाल उठल्यावर.”

मी तिच्यामागून खाली गेले. ती बिछान्याच्या कडेवर बसली, बूट तसेच. वर पावलांचे आवाज, दोर ओढल्याचे, कोणाच्या तरी हाका. फुगा खाली घेत होते.

“मला येत नाही गं हे,” आई म्हणाली. “वर सगळी ओढाओढ चाललीय आणि मी आडवी. लाज वाटते. गठ्ठ्यांच्या टेबलावर आम्ही दोघी असायचो. दुसरी जेवायला गेली की माझे हात दुप्पट चालायचे, आणि मी जेवायला गेले की घास उतरायचा नाही. सवयच नाही कोणी दुसरं काम करत असताना डोळे मिटायची. सव्वीस दिवस कशी जाणार होते मी? कप्तानचं बरोबर आहे. नापासच करू दे.”

मी तिचे बूट काढले. डोक्यावरचा मोजा काढून उशाशी ठेवला. त्या वाक्यासाठी मला शब्द शोधावे लागले नाहीत, बोटीवर दिवसातून पाच वेळा ते कोणी ना कोणी म्हणत होतंच.

“आई, मी आहे आता. तू पड.”

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. “तू? तुला तर उभं राहता येत नाही.”

“येतं. पड तू.”

ती आडवी झाली. मी पांघरूण ओढेपर्यंत तिला झोप लागली होती. दोर कापल्यासारखी झोप.

मी वर जाऊन तिच्या जागेवर उभी राहिले. माझ्या पाळीचे उरलेले तीन तास, मग तिच्या पाळीचे सहा. विंच फिरवला, दोर लावले, डॉक्टरांबरोबर तो ओला फुगा कोठारात कोंबला. दुपारी बेकरीवाला म्हणाला, “बादली, तुझी बादली कुठंय?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मला ती लागलीच नव्हती. तो एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात एकदाच टाळ्या मिळाल्यात, आणि त्या उलटी न केल्याबद्दल.

संध्याकाळी आई वर आली. गालावर उशीच्या शिवणीचा वळ. तिने पट्टा अडकवला, माझ्या हातातला दोर घेतला आणि म्हणाली, “मी आहे आता, तू पड.” मी खाली गेले. बिछाना गरम होता. नुसता गरम नाही, मधोमध खळगा पडलेला, आणि त्याला साबणाचा, इस्त्रीचा, तिचा वास. मी त्या खळग्यात गुडघे पोटाशी घेऊन पडले. मोठी माणसं असं पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर फुगा पसरून आईने एकेक लाल धागा कात्रीने कापला. त्रेचाळीस निघाले. ते तिने फेकले नाहीत, खिशात भरले. मग कप्तान तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि राखाडी गुंडा तिच्या हातात दिला.

“एकच वेढा, मावशी. साधी गाठ.”

“एवढीच?”

“वर जाईपर्यंत टिकली की तिचं काम झालं.”

आईने एक वेढा घेतला, बोटाने दाबून पाहिला, तो तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. तिसऱ्याला तिने श्वास रोखला. पुढे दोन तास ती कोणाशी बोलली नाही. डॉक्टर पलीकडच्या टोकाकडून बांधत येत होते. मध्यावर दोघं भेटले तेव्हा तिने त्यांच्या गाठी तपासल्या आणि म्हणाली, “डॉक्टर, हात हलका आहे तुमचा.” “मावशी,” डॉक्टर म्हणाले, “हे माझ्या बायकोला सांगाल का?”

दुपारी बंदराकडे वळलो आणि वारा पाठीशी आला. कप्तानने फुगा मागवला. तो वर गेला, गुंडाळीच्या गुंडाळी. आई डोलकाठीच्या बुडाशी उभी, दोन्ही मुठी छातीशी.

“मावशी, तुम्ही हाक द्या,” कप्तान म्हणाली.

“फोडा!” आई ओरडली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

बेकरीवाल्याने ओढलं. खालचा पहिला धागा तुटला, मग दुसरा, आणि मग टकटकटकटक करत ते सगळं वरपर्यंत उलगडत गेलं, शेवटी एक ‘धब्ब’ असा आवाज झाला आणि आमच्यापुढे आकाशाएवढं पिवळं शीड उभं राहिलं. बोटीने उडी घेतली. वरून लोकरीचे राखाडी तुकडे भुरभुरत खाली आले, आमच्या केसांत, कॉफीच्या कपात. आई तोंड वर करून उभी होती आणि तिच्या चष्म्यावर लोकर पडत होती.

“सुटलं,” ती म्हणाली. “बघितलंस? कसं सुटलं!”

धक्क्याला लागल्यावर कप्तानने तिचा कागद काढला. “पास. एका अटीवर. पाळी नसली की झोपायचं.”

“लिहून घ्या,” आई म्हणाली. मग पाय जमिनीवर टेकल्यावर तिने कप्तानचा गाल धरला. “आता सांग पोरी, जेवलीस का?”

पुढच्या वर्षी ती सव्वीस दिवस जाऊन आली. बोटीवरून दर चार दिवसांनी बाबांना निरोप यायचा, आणि प्रत्येक निरोपात एकच बातमी असायची: ‘झोपले.’ बाबा तो निरोप मला फोनवर वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “एवढ्या लांब जाऊन ही झोपतेय?” आमची बोट त्या टप्प्यात सातवी आली. आठ बोटी होत्या. धक्क्यावर ती उतरली तेव्हा बाबांनी इतके दिवस योजून ठेवलेलं वाक्य विसरून तिची पिशवी घेतली. टॅक्सीत बसल्यावर ती म्हणाली, “तुम्ही आहात ना आता?” आणि घर येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर झोपली. बाबांना हात हलवता येईना. टॅक्सीवाल्याला पैसे मी दिले.

बाबांचे मोजेही तिने पुरे केले. दुसऱ्या मोज्याला लोकर उरलीच नव्हती, म्हणून ते त्रेचाळीस तुकडे एकमेकांना गाठी मारून तिने विणले. उजवा मोजा गुळगुळीत, डावा आतून गाठींनी भरलेला. “टोचतात गं,” बाबा म्हणायचे. “सवय होईल,” ती म्हणायची.

आणि घरी ती दुपारी झोपायला लागली. भांडी पडलेली असली तरी. बाबा ओट्याशी उभे राहिले की ती हात पुसायची आणि विचारायची, “तुम्ही आहात ना? मग मी पडते.” बाबांना ते वाक्य पाठ झालं होतं, पाण्याच्या आवाजातूनही ते उत्तर द्यायचे, “आहे आता. पड.” ती झोपली असताना मी आले की बाबा दारातच तोंडावर बोट ठेवायचे.

मागच्या वर्षी ती गेली. तीन महिने आजारी होती. शेवटच्या दिवसांत मी आणि बाबा तिच्याजवळ आळीपाळीने बसायचो. सकाळी अकराच्या सुमारास गेली; पाळी बाबांची होती. तिचा हात त्यांच्या हातात होता, आणि कितीतरी वेळ त्यांनी मला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसं येत-जात होती. बेकरीवाला पाव घेऊन आला होता, कप्तानचा कुठल्याशा समुद्रातून निरोप आला होता. शेवटची माणसं गेल्यावर मी कपबशा गोळा करायला लागले. बाबा आतून आले. पायांत ते लाल मोजे होते, डावा थोडा सैल झालेला. त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली.

“मी आहे आता,” ते म्हणाले. “तू पड.”

मी आईच्या खोलीत गेले. चादर तिने शिकवलेल्या पद्धतीने मीच सकाळी बदलली होती, कोपरे दुमडून. मी चप्पल काढली आणि आत शिरले. बिछाना थंड होता.

बाहेर बाबा भांडी घासत होते. मी पांघरूण ओढून घेतलं. बोटीवर असा थंड लागला की मला कळायचं, आई कुठेतरी जागी आहे.